व्याह्यांनी धाडलेल्या कडक भाकऱ्या

पत्र

सप्रेम नमस्कार. माझं वय ६३. मूळ गाव खानापूर तालुक्यात, घाटाच्या बाजूला. गेली ४० वर्षं बेळगावात अनगोळला घर आहे. उद्यमबागेत फौंड्रीत ३१ वर्षं काम केलो, आता घरीच असतो. आम्ही मराठा. मागच्या मे महिन्यात मुलाचं लग्न बैलहोंगल तालुक्यातल्या लिंगायत घरात झालं. दोघांची ओळख कॉलेजपासूनची. मी विरोध केलो नाही. पोरगी गुणाची आहे. पण तिच्या माहेरच्यांनी आमचा मान काही ठेवला नाही.

व्याही पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांना मराठीची अडचण नको म्हणून मी मुद्दाम कन्नडात बोललो. ‘बा, कूडु, ऊटा माडु’ म्हणालो. तरी ते तोंड पाडून बसले. व्याहीणबाई तर चहासुद्धा घेतल्या नाहीत, एक केळं तेवढं खाल्ल्या.

श्रावणात पंचमीच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा आला. काय आणला? फडक्यात बांधून चाळीस कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. दुकानात पुडकं मिळतं तसल्या. नव्या नवरीच्या पहिल्या सणाला वाळक्या भाकऱ्या कोण देतं? शिवाय पंचमीला आमच्यात चुलीवर तवा ठेवत नाहीत. बहिणीला घेऊन जातो म्हणाला. पहिला श्रावण आहे, नंतर बघू म्हणून मी त्याला परत पाठवलो.

भाद्रपदात सुनेची आज्जी वारली. मातीला जाऊन आलो. तिसऱ्या दिवशी सून परत आली आणि सरळ देवघरात जाऊन दिवा लावली. विचारलं तर ‘आमच्यात सुतक नाही’ म्हणाली. आमच्या घरातलीला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

आणि १ नोव्हेंबरला तर कळसच. वडिलांच्या बोटाला धरून जायचो तेव्हापासून त्या दिवशी मी काळी फीत लावून फेरीला जातो. सुनेच्या भावानं चन्नम्मा चौकात पिवळा-लाल झेंडा खांद्यावर घेतलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘मामा, नम्म हब्बक्क बर्री.’ आमच्या सणाला या म्हणे. मी ग्रुप सोडलो.

आता सुनेला सातवा लागतोय. त्यांच्यात कुबस म्हणून करतात, त्याचं बोलावणं आलंय. घरातली म्हणते, जायचं नाही. त्यांची संस्कृती वेगळी, आमची वेगळी, हे जमायचं नाही असं मलाही वाटायला लागलंय. मी जाऊ का नको?

— एक वाचक, बेळगाव

उत्तर

अण्णा,

तुम्ही चार अपमान मोजलेत. मी पत्र दोनदा वाचलं तर मला पाच सापडले. पाचवा यादीत सगळ्यांत वर आहे, फक्त तो तुम्ही तुमच्या चांगुलपणाच्या खात्यात लिहून टाकलाय. ‘बा, कूडु, ऊटा माडु.’

याचं मराठी करून बघा. ‘ये, बस, जेव.’ मुलगी देणाऱ्या माणसाला, पहिल्या भेटीत, त्याच्या बायकोसमोर! मराठीत तुमच्या जिभेवर हे कधी आलं नसतं. ‘या, बसा, जेवून घ्या’ असंच आलं असतं. आपल्या भागातल्या कन्नडात हे काम शेवटचा ‘री’ करतो. बर्री, कूडरी, ऊटा माडरी. एवढासा ‘री’, पण तो नसला की समोरचा माणूस एकदम घरगडी होतो.

तुम्हाला ‘री’ माहीत नाही असं मी म्हणणार नाही. ४० वर्षं बेळगावात काढलेल्या माणसाच्या कानावर तो दिवसातून शंभरदा पडतो. पण कानानं शिकलेली भाषा वेगळी आणि जिभेनं शिकलेली वेगळी. तुमची जीभ कन्नड शिकली ती भट्टीपुढं. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं चाललेलं असताना हेल्परला कोण ‘बर्री’ म्हणणार? तिथं ‘बा’, ‘हिडी’, ‘इडु’ एवढंच चालतं, आणि तिथं ते बरोबरही आहे. ये, धर, ठेव. तेच कन्नड तुम्ही दिवाणखान्यात आणलंत. मनात आदर होता, म्हणून तर मुद्दाम त्यांच्या भाषेत बोललात. पण व्याह्यांच्या कानावर आदर पोचला नाही, हुकूम पोचला. ते तोंड पाडून बसले ते बहुतेक यामुळं.

माझा अंदाज चुकत असेल तर सुनेला विचारा. तिला कारण माहीत असणार आणि तिनं ते इतके महिने पोटात ठेवलं असणार. नवी सून सासऱ्याचं व्याकरण कसं सुधारणार?

हसू नका, ही चूक मीही केलेली आहे, उलट्या बाजूनं. मी मूळची गडहिंग्लजची. लग्नानंतर पहिली दोन वर्षं आम्ही गोकाकला भाड्यानं राहत होतो. घरमालकीण रोज दुपारी दारात दिसली की विचारायची, ‘ऊटा आत?’ जेवण झालं का. मी रोज तिला सविस्तर उत्तर द्यायची: भात केला, आमटी केली, आज भाजी मिळाली नाही. महिनाभरानं मला वाटायला लागलं की बाई फारच भोचक आहे, आपल्या घरात काय शिजतं याच्यावर हिची नजर आहे. तिकडं तिला वाटत असणार की ही मराठी पोर एका ‘हौद्री’साठी, म्हणजे एका ‘होय’साठी, एवढं भाषण का देते. तिचा प्रश्न म्हणजे नुसता नमस्कार होता. आपण ‘काय, बरं हाय न्हवं?’ विचारतो आणि तब्येतीचा तपशील ऐकायला कुणी थांबत नाही, तसंच.

आता तुमच्या ‘आमची संस्कृती वेगळी’ या वाक्याकडं येते. वेगळी आहे की नाही ते नंतर बघू. आधी तुमचं स्वतःचं पत्र बघा. ‘काम केलो’, ‘विरोध केलो नाही’, ‘परत पाठवलो’. पुण्याचा माणूस म्हणेल ‘काम केलं’, ‘परत पाठवलं’. त्याचं क्रियापद कामाच्या मागून जातं, तुमचं करणाऱ्याच्या मागून. कन्नडात क्रियापद कायम करणाऱ्याच्या मागून जातं, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून आपल्या सीमाभागातल्या मराठीनं ती चाल उचलली आहे. म्हणजे १ नोव्हेंबरच्या फेरीत तुम्ही मराठीसाठी घोषणा देता, आणि ती ज्या मराठीत देता तिच्या हाडांत कन्नड आहे. मी हे टोचायला लिहीत नाही. मला ती मराठी आवडते, आणि मी ती तुमच्या पत्रात जशीच्या तशी ठेवलीय. पुण्याकडचा कुणी हसला तर हसू दे. मी तुम्हाला ‘अण्णा’ म्हटलं तो शब्दही तिकडचाच. अक्का तिकडची. तुमच्या वरणावरचं तूपही तिकडचंच. आणि आपण तिकडं दिलेल्यांत एक ‘पुढारी’ आहे. तो कन्नडात गेला आणि तिथं फारशा आदरानं वापरत नाहीत. आपल्याकडं तरी कुठं वापरतात म्हणा!

चहाचं मी थोडक्यात उरकते. तुमच्या घरात मटण शिजतं असं धरून चालते. लिंगायत घरं शाकाहारी, आणि जुन्या वळणाच्या बायका मांसाहारी घरातल्या भांड्यातलं काही घेत नाहीत. केळं सालीसकट येतं. म्हणजे व्याहीणबाई रिकाम्या तोंडी उठून जाऊ नये म्हणून जे चालेल ते शोधत होत्या. ही रीत मला पटते असं नाही. ज्या बसवण्णांना त्या मानतात त्यांनी १२व्या शतकात जातीच्या उतरंडीवरच घाव घातला होता. कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, हरळय्या या चांभार शरणाच्या (बसवण्णांच्या अनुयायांना शरण म्हणतात) मुलाशी ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न लागलं आणि त्यावरून रक्त सांडलं, हे त्यांच्या परंपरेत आजही सांगितलं जातं. त्या परंपरेत वाढलेल्या बाईनं भांड्याचा विटाळ धरावा हे मला कोडं वाटतं. पण अण्णा, आपली वही उघडली तर तिच्यातही पानं भरलेली निघतील. तुमच्या घरातल्या बाई कुणाकुणाच्या घरी पाणी पीत नाहीत, हे एकदा मनातल्या मनात मोजा आणि मग व्याहीणबाईंच्या चहाचा हिशेब करा.

भाकऱ्यांवर मात्र मला थांबायचं आहे. कारण सगळ्यांत मोठी गफलत तिथं झालीय.

तुमचं गाव घाटाकडचं. कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की चार महिने उघडत नाही. तिथं भात पिकतो, नाचणी पिकते, आणि भाकरी म्हणजे ताटात गरम पडली पाहिजे. पावसाळ्यात भाकरी वाळवायला ऊन तरी कुठं असतं? तीच मलप्रभा कणकुंबीला उगवून खाली बैलहोंगलकडं जाते तेव्हा पाऊस मागं राहिलेला असतो आणि दोन्ही काठांना काळी जमीन असते. ती जमीन जोंधळ्याची. तिथल्या बायकांनी पातळ भाकरी तव्यावर भाजून, चुलीजवळ उभी करून, कडक करून ठेवायची कला काढली. ती आठवडेच्या आठवडे टिकते, शेतावर नेता येते, परगावी पाठवता येते. तुमच्याकडं वाळलेली भाकरी म्हणजे उरलेली भाकरी. त्यांच्याकडं वाळवलेली भाकरी म्हणजे मुद्दाम केलेली भाकरी. शब्द एकच, अर्थ उलटा.

आता दिवस बघा. पंचमीच्या आदला. उत्तर कर्नाटकात पंचमी एका दिवसाची नसते, आणि तिची सुरुवात भाकरीनं होते. त्या दिवसाला ‘रोट्टी हब्ब’ म्हणतात, भाकऱ्यांचा सण. ज्वारीच्या, तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, भरलं वांगं. आणि हे सगळं घरात बसून खायचं नाही, शेजारी-पाजारी, सोयऱ्याधायऱ्यांत वाटायचं. ज्याच्या घरी भाकऱ्या जातात तो आपला, असा त्याचा अर्थ. दुकानातलं पुडकं उचलायला पाच मिनिटं लागतात. चाळीस पातळ भाकऱ्या थापायला, भाजायला, वाळवायला चुलीपुढं बसून सगळी सकाळ जाते. व्याहीणबाईंची गेली. नव्या सोयऱ्यांकडं पहिली रोट्टी जायची म्हणून त्यांनी त्यांतल्या न मोडलेल्या, गोल, सारख्या निवडून काढल्या असतील असं मी पैजेवर सांगते.

आणि तुमच्या तव्याचं म्हणाल तर त्यांनी भाकऱ्या आदल्या दिवशीच दिल्या. पंचमीला तुमच्या चुलीवर तवा न ठेवता तुम्हाला भाकरी मिळाली असती. याहून सोयीचं काय पाहिजे होतं?

यातली खरी दुखरी गोष्ट पुढं आहे. तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. तो मुलगा बहिणीला न्यायला आला होता. त्या भागात पंचमी हा लेकीबाळींचा सण. झाडाला झोके बांधतात, लाडू वळतात, आणि भाऊ सासरी जाऊन बहिणीला घेऊन येतो. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला बहीण आली नाही तर गल्ली विचारते, ‘का ओ, सोयऱ्यांनी सोडली नाही का?’ तुमच्या घरात तो दिवस कुठला होता? नागचतुर्थी. वहिनींनी सकाळपासून आपल्या भावासाठी उपास धरला असेल. त्याच दिवशी, त्याच घराच्या उंबऱ्यावर, एका बहिणीचा भाऊ उभा होता, आणि तुम्ही त्याला ‘नंतर बघू’ म्हणून माघारी धाडलंत. त्यानं भाकऱ्या ठेवल्या आणि रिकाम्या हातानं पन्नासेक किलोमीटर परत गेला. तुमची बाजूही मला कळते. पहिला श्रावण सुनेनं सासरी काढावा असं आपल्यात कितीतरी घरं मानतात. पण सांगणारं कुणी नव्हतं, ना तुम्हाला त्यांचं, ना त्यांना तुमचं.

सांगणारं कुणी नव्हतं म्हणताना मला एक माणूस आठवतो, जो तुमच्या सबंध पत्रात कुठंच नाही. तुमचा मुलगा. त्याला दोन्ही भाषा येतात. लिंगायत घरातल्या मुलीशी कॉलेजपासून ओळख असलेल्या माणसाला कडक भाकरी म्हणजे काय हे माहीत नाही? ‘बाबा, कूडरी म्हणा’ एवढं पहिल्या दिवशी त्याला कानात सांगता येत नव्हतं? आपल्याकडं पोरं लग्न जमवताना मोठी धीट असतात, आणि जमलं की दोन घरांच्या मधे उभं राहायची वेळ आली की मोबाइल घेऊन गच्चीवर जातात. तुमच्या चार रागांतला निम्मा राग मी त्याच्या नावावर वळता करायला सांगेन. त्याला समोर बसवा आणि पत्रातलं सगळं त्याला सांगा, मला सांगितलंत तसंच. दुभाष्याचं काम त्याचं. सुनेवर ते टाकू नका. ती कुणाचीही बाजू सांगायला गेली तरी दुसऱ्या घराला वाईटच दिसणार.

सुतकाचं प्रकरण निराळं. तिथं गैरसमज नाही, खरोखरच दोन वेगळे विचार समोरासमोर आहेत. तुम्ही मातीला गेलात तेव्हा बघितलंच असेल, आज्जींना बसवून पुरलं. त्यांच्यात मरणाला ‘लिंगैक्य’ म्हणतात, लिंगाशी एक होणं. अंगावर इष्टलिंग धारण केलेल्या माणसाला विटाळ कसला, हा त्यामागचा विचार. जन्माचं, मरणाचं, पाळीचं, उष्ट्याचं आणि जातीचं अशी पाचही सुतकं नाहीत, असं शरणांनी सांगितलं. सगळीच लिंगायत घरं ते काटेकोर चालवतात असं नाही, बरीच जण शेजाऱ्यांचं बघून सुतक धरतातही. पण तुमची सून ‘आमच्यात सुतक नाही’ म्हणाली ती आळसानं नव्हे, की तुमच्या देवाला कमी लेखूनही नव्हे. तिच्या हिशेबी आज्जी गेल्यावर देवापुढं दिवा लावणं हीच आज्जीसाठी करायची गोष्ट होती. तुमच्या घरातल्यांच्या हिशेबी तोच दिवा बाटला. दोघीही श्रद्धेनंच वागल्या आणि दोघींनाही दुखलं.

इथं मी तुम्हाला ‘सोडून द्या, तिचं बरोबर’ असं सांगणार नाही. देवघर वहिनींचं आहे, तिथली रीत त्या ठरवतील. पण ती रीत सुनेला आधी सांगावी लागेल, चूक झाल्यावर नव्हे. आणि हे आताच करा, कारण दोन-तीन महिन्यांत तुमच्या घरात बाळ येतंय. तुमच्यात जन्माचीही सोयर असते. बाळंतीण दहा दिवस कुठं बसणार, तिनं देवाला हात लावायचा की नाही, बाळाला पहिल्यांदा बघायला आलेली तिची आई स्वयंपाकघरात जाणार की नाही, हे प्रश्न बाळ रडत असताना सोडवायला बसलात तर या खेपेला दोन दिवस नव्हे, दोन वर्षं अन्न गोड लागणार नाही. वहिनी आणि सून अशा दोघींनीच बसावं, पुरुषांनी बाहेर चहा प्यावा. माझं स्वतःचं मत विचाराल तर बाळंतिणीला कोपऱ्यात बसवण्याच्या मी विरुद्ध आहे, आणि तो कोपरा उबदार असावा, ओलसर नसावा एवढ्यावर तरी दोघींचं एकमत व्हावं. पण ते ठरवायचं त्यांनी.

वहिनींना आणखी एक सांगा. सून त्यांना ‘अत्ती’ म्हणत असेल आणि ‘मी काय हिची आत्या आहे?’ असं त्यांना वाटत असेल (पत्रात नाही, पण मला बऱ्याच सासवांनी हे लिहिलंय), तर कन्नडात आत्या आणि सासू यांना शब्द एकच आहे. मामाच्या, आत्याच्या घरात लग्नं होत आली, त्यातून तो आला. आणि आपल्या आज्ज्या सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणायच्या, ते काय होतं?

आता १ नोव्हेंबर. १९५६ साली त्या तारखेला भाषावार राज्यं झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तिकडच्या माणसाला तो आपलं राज्य एक झाल्याचा दिवस. तुमच्या वडिलांना तो आपण तुटल्याचा दिवस. तारीख एक, रस्ते तेच, चौक तेच. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि या सदरात बसून मी त्याचा निकाल लावणार नाही. तुमची काळी फीत वडिलांच्या बोटाला धरून आलीय. ती काढा असं सुनेच्या माहेरानं कधी म्हटलं तर ते चुकलेले असतील. सुनेनं राज्योत्सव मनात आनंदानं पाळला आणि तुम्ही तिच्याकडं निष्ठेचा दाखला मागितला तर तुम्ही चुकलेले असाल.

पण त्या फोटोला मी संस्कृती म्हणणार नाही. तो एका पोराचा वात्रटपणा आहे. त्याला माहीत होतं तुम्ही त्या दिवशी कुठं असता. कदाचित त्यात पंचमीचा थोडा वचपाही असेल, उंबऱ्यावरून परत गेलेला तोच हा मुलगा. वागणं खटकलं तर ते त्याला तोंडावर सांगायचा तुम्हाला हक्क आहे. ‘कन्नड लोक असेच’ म्हणून त्याला सोडून देऊ नका आणि त्याच्यापायी सगळ्या सोयऱ्यांना पकडूही नका. फोन करा, म्हणा, ‘बाबा रे, घरच्या ग्रुपवर झेंडे नकोत, तुझेही नकोत आणि माझेही नकोत.’ फक्त फोन करण्याआधी त्याचं वाक्य एकदा नीट वाचा. ‘मामा, नम्म हब्बक्क बर्री.’ चिडवतानाही त्यानं तुम्हाला ‘बा’ म्हटलेलं नाही. ‘री’ लावलाय.

तर जायचं का? जायचं. दोघांनी. आणि मुलालाही गाडी चालवायला नव्हे, बोलायला न्या.

कुबस म्हणजे मूळ शब्द चोळीचा. गर्भार लेकीला माहेरची चोळी, साडी, हिरव्या बांगड्या, गोडधोड. आपलं डोहाळजेवण जसं तसंच. तिथं ‘उडी तुंबतात’. घाबरू नका, ती ओटी आहे. नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड, खण. वहिनींना तिथं काहीही परकं दिसणार नाही. त्यांना पुढं होऊन ओटी भरू द्या, कुणाची भाषा लागणार नाही. खण नेणार असाल तर गुळेदगुड्डचा न्या, आणि साडीत इरकल. आपल्या आज्ज्या ज्याला अस्सल मराठमोळं लुगडं म्हणायच्या ते बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलच्या मागावरचं. व्याहीणबाई हातात घेऊन पदर उलटून बघतील, बघाच.

सोबत तुमच्या गावचा तांदूळ न्या, पाच-दहा किलो. जोंधळ्याच्या गावाला घाटाकडचा नवा तांदूळ म्हणजे काय असतो ते तुम्हाला तिथं गेल्यावर कळेल. मटणाचा विषय नको. जेवायला बसलात की वाढणाऱ्या हाताला एकदाच ‘साकु’ (पुरे) म्हणून थांबवायला जाऊ नका, ते कुणी ऐकत नाही. दोन घास आधी म्हणायला लागा. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तेही नुसतं जात नाहीत, ‘जाऊन येतो’ म्हणतात. ‘होगी बर्तीव्री.’ हे वाक्य वाटेत गाडीत दहा वेळा म्हणून घ्या.

आणि व्याह्यांना बोलावून या. बेळगावात नको, तिथं चौकाचौकात कुणाचा ना कुणाचा झेंडा असतो. तुमच्या तालुक्यात बोलवा, नंदगडला. त्यांच्या तालुक्यातल्या संगोळ्ळीच्या रायण्णाला, कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या सेनानीला, इंग्रजांनी १८३१ मध्ये फाशी दिलं ते तुमच्या नंदगडात, आणि समाधीही तिथंच आहे, वडाच्या झाडाखाली. पुतळ्यांवरून शहरात काय काय झालं ते आपण बघितलंय. पण समाधीपाशी सावली चांगली असते आणि खानापूर तालुक्यात पाहुणचार करायचा झाला तर तुम्हाला कुणाचं ऐकून घ्यायची गरज नाही. तिथं तुम्ही यजमान. तेव्हा म्हणा, ‘बर्री, कूडरी.’ पहिल्या दिवसाबद्दल वेगळी माफी मागायची मला गरज वाटत नाही. ‘री’ ऐकला की त्यांना कळेल.

बाळाच्या शाळेचं माध्यम तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या मनात ते असणार. अजून पाच-सहा वर्षं आहेत. तोवर आज्जी मराठीत रागावेल आणि अव्वा कन्नडात लाड करेल, एवढं पुरे.

एक राहिलं. त्या चाळीस भाकऱ्यांचं पुढं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. सुनेनं एकटीनं खाल्ल्या, की वहिनींनी कुणाला दिल्या? व्याहीणबाई विचारणार आहेत. उत्तर जे असेल ते घरातून निघण्याआधी सगळ्यांनी एकच ठरवून ठेवा.